खिडकीतलं ऊन

शिंपी तसा वाईट माणूस नव्हता. पण काजं करायला उजेड लागतो म्हणून हिवाळाभर त्याने मशीन खिडकीशी ठेवलं आणि म्हाताऱ्या बापाला मागच्या अंधाऱ्या खोलीत ढकललं. समोरच्या झाडाला पालवी फुटली, तेव्हा कुठे मोठ्या थाटात त्याने बापाची खुर्ची खिडकीशी आणली.

"चला बाबा, थंडी सरली!"

म्हाताऱ्याने तळवे उन्हात धरले. "आलं रे एकदाचं ऊन!"

त्या खिडकीत ऊन थंडीतही रोज येत होतं. मान खाली घालून शिंपी ओवलेलीच सुई पुन्हा ओवू लागला.

म्हाताऱ्याने खुर्ची जरा सरकवली. "ये, तूही शेक घे. हिवाळाभर काकडलास रे माझ्यासारखाच."