धडधाकट रस्त्याचं औषध

सरपंच झाल्यावर पहिल्याच ग्रामसभेत पुष्पाबाईंनी गावाचं डोकं फिरवलं. घाटंजीहून गावात येणारा मोठा रस्ता चांगला होता. देवळापुढची गल्ली मात्र पार उखडलेली. निधी आला तो एका कामापुरता. आता कोणीही सांगेल, गल्ली करा! तर बाई म्हणाल्या, "गल्लीत यंदा मुरूम टाकू. पैसा लागन तो मोठ्या रस्त्याच्या नाल्या उपसाले अन् भेगात डांबर भराले."

"वा! ज्याले ताप नाही, त्यालेच गोळी!" माजी सरपंच भगवानराव ओरडले आणि सभेत हशा पिकला.

बाईंना कुठलं हसू? मागं नाल्या तुंबून काळ्या मातीत पाणी मुरलं, हाच रस्ता खचला, एसटी बंद झाली आणि त्यांच्या थोरल्या दिपालीची शाळा नववीतच सुटली. आता धाकटी खुशी त्याच एसटीनं अकरावीला जात होती. पुन्हा बस बंद? छे, जीव गेला तरी नाही! बाई हट्टाला पेटल्या. शेवटी आधी बायकांचे हात वर झाले, मग बाप्यांचेही.

नाल्या तुंबल्या होत्या त्या गावाच्याच करणीनं. ट्रॅक्टर वावरात उतरवायला ज्यानं त्यानं नाली मातीनं बुजवलेली; खाली पाइप टाकायचा कंटाळा. त्यातली पहिलीच वाट खुद्द बाईंच्या सासऱ्यांची, उकंडाजींची. जेसीबी तिथं थांबला आणि तमाशा पाहायला अख्खं गाव लोटलं.

"सूनबाई, माह्याच वावरापासून कायले?"

"दुसऱ्याच्या वावरापासून केलं तं लोकं मले जोड्यानं मारतीन, मामाजी."

म्हातारा बराच वेळ स्वतःशी पुटपुटला. मग जेसीबीवाल्यावर खेकसला, "पाह्यतं काय? खंद! पन पाइप टाकून देजो." झालं, पुढच्या वावरवाल्यांना बोलायला तोंडच उरलं नाही.

यंदाचा पाऊस असा कोसळला की शेजारच्या गावाची बस महिनाभर फिरकली नाही. यांची रोज आली. भादव्यात एकदा पंचायत समितीच्या कामाला बाई खुशीसोबत त्याच बसनं निघाल्या. पुढच्या सीटवर भगवानराव. मागं कोण बसलंय ते न पाहताच शेजाऱ्याला सांगत होते, "या सरपंचीणबाईनं केलं काय, सांग बरं? हा रस्ता तं पयलेपासूनच चांगला हाये!"

खुशी भांडायला उठली. बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बोलू दे वं," त्या म्हणाल्या, "रस्ता चांगला हाये म्हनते न तो?" आणि तोंडाला पदर लावून पोटभर हसल्या.