भवानी व्हायच्या आधी

हवालदाराने पाटीला लाथ घातली तेव्हा माझी भवानी झाली नव्हती. मालाडचा बाजार नुकता भरला होता. माझी पापलेटं गटारात. वर माझा अंबाडा धरून म्हणाला, "कोळणीची जात, तोंड चालवतेस?"

काय चालवलं होतं तोंड? रोज तो फुकट मासळी न्यायचा, रोज देत होते. पण पहिलं गिऱ्हाईक व्हायच्या आधी फुकट दिलं की धंद्याची वाट लागते, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. एवढंच म्हटलं, "जरा थांबा, भवानी होऊ द्या." त्यावर लाथ. शेजारच्या बाया खाली मान घालून बसल्या. माझ्या सासूनेही तोंड फिरवलं. मला रडू नाही आलं, राग आला मेल्याचा. त्यानंतर पोलिसाला साधा बोंबीलही फुकट दिला नाही.

तक्रार करते म्हटलं तर दादला म्हणाला, "अगो, पाण्यात राहून माशाशी वैर?"

"आपला धंदाच तो," मी म्हटलं.

आमच्यात सरकारदरबारी जायचं तर लग्नाला गेल्यासारखं जायचं. ठेवणीतलं लुगडं, अंगावर सगळं सोनं. नाहीतर भिकारीण समजून हाकलतात. तशीच गेले, आणि तिथेच फसले. चौकीतल्या साहेबाने नाकाला रुमाल लावला, खिडकी उघडायला लावली, मग माझा गळा न्याहाळला.

"एवढं सोनं मासे विकून? हातभट्टी लावतेस काय?"

दारूबंदी होती तेव्हा. सासूचं आहे, आजेसासूचं आहे, सांगून सांगून घसा सुकला. ऐकतो कोण!

चौकशी कुणी केली? त्याच चौकीने. साक्षीच्या बाया हवालदाराच्या समोरच उभ्या केल्या. "आम्ही नाही बघितलं," म्हणाल्या बिचाऱ्या. मग साहेबाने निकाल वाचला. तक्रार खोटी. बाई दारूच्या धंद्यातली असल्याचा संशय.

मार मी खाल्ला, आणि गुन्हेगार मीच!

वरच्या साहेबाकडे अपील केलं. बाकावर बसून बसून कंबर मोडली. आज या, उद्या या. शेवटी भेटला. गोड बोलला.

"बाई, त्याची बदली केली. अपील मंजूर होणार नाही. आता मिटवा."

"आणि मी दारूवाली, ते?"

"राहू दे हो. कोण वाचतंय?"

कोण वाचतंय? उद्या कुठलाही शिपाई तेच वाचून माझ्या घरात घुसेल, माझ्या चुलीत हात घालेल. अंगाची नुसती आग आग झाली.

"साहेब, तुमच्या वर कोण?"

तो हसला. "सचिवालय. तिथेही जाणार?"

"जाणार. त्यांच्या वर कोण, तेही तिथे विचारीन. ही बाई खरं बोलली, असं तुमच्यातला कुणीतरी सही करून लिहील, तेव्हाच मिटेल."

त्याने घंटी वाजवली. शिपाई मला धरायला आला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "सचिवालयाचा रस्ता सांग."