आक्कांचं बोट

महिना होत आला, तरी वडगावच्या आमच्या गल्लीत स्कूटर वळली की इंदूआक्कांच्या दाराकडे मान आपोआप जाते. निरोप आला तेव्हा मी मच्छेला कारखान्याच्या ऑफिसात होते. आक्कांचे धाकटे भाऊ अण्णा फोनवर एवढंच म्हणाले, "आक्का गेली गं... झोपेतच." रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, चार दिवसांपूर्वी त्या माझ्याकडे काय मागत होत्या?

आक्का शाळेत इंग्रजी शिकवायच्या. लग्न केलं नाही, भावापाशीच राहिल्या. पुढच्या सोप्यात अण्णांचे दोन यंत्रमाग, मागच्या खोलीत आक्कांची शिकवणी, मध्ये एक भिंत. मागाच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून विणकरांच्या घरात निम्मं बोलणं हातांनी चालतं. आक्कांनी इंग्रजीही तशीच शिकवली. आम्ही मुली "गिव्ह मी पेन" म्हणून मोकळ्या व्हायचो, आक्का ढिम्म. "कुठलंबी एक पायजे आसंल तर एक बोट वर कर आनि 'अ' म्हन. आपल्या दोघींस्नी ठावं हाय तेच पायजे आसंल तर त्याच्याकडं बोट दाव आनि 'द' म्हन." तसं मागितल्याशिवाय त्यांच्या घरात पाणीसुद्धा मिळायचं नाही. एकदा मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी बोट वर करून "अ ग्लास ऑफ वॉटर, प्लीज" म्हणाले. आई त्यांच्यावर आठवडाभर धुमसत होती. मी मात्र गल्लीभर मिरवत होते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांकडे पेन मागताना टेबलाखाली माझं बोट वर गेलंच. ही नोकरी मला आक्कांनी दिली, असं मी आजही मानते.

मग आक्कांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, घरात शांतता ठेवा. अण्णांनी त्याच दिवशी दोन्ही माग बंद केले. मी भेटायला गेले तर ते घर ओळखू येईना. आक्कांनी मला पाहिलं, हात कसाबसा उचलला आणि भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर कॅलेंडर होतं, आईवडिलांचा फोटो होता, खुंटीला त्यांची शाळेची पिशवी होती. मी एकेक काढून पुढे धरलं. प्रत्येकाला त्यांनी मान हलवून नकार दिला आणि बोट पुन्हा भिंतीकडे. डोळ्यांत तीच जुनी नजर, एवढं शिकवून काय उपयोग, अशी. मी पाणी पाजलं, पांघरूण सारखं केलं आणि निघून आले.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आक्कांच्या पलंगावर बसले असताना अण्णांनी पुढचा एक माग सुरू केला. भिंत थरथरली. खुंटीवरची पिशवी हलायला लागली... आणि मला कळलं, ते बोट भिंतीकडे नव्हतंच, भिंतीपलीकडे होतं.

मी सोप्यात गेले. अण्णांनी माग थांबवला. सांगावं की नको, या विचारात मी उभी होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "ल्हानपनापास्नं मागाच्या आवाजातच झोपायची बग. माग बंद पडला की उठून बसायची. आनि मी..."

त्यांनी खटका दाबला. खडखडाट सुरू झाला, आता बोलून उपयोग नव्हता. मी बंद असलेल्या दुसऱ्या मागाकडे बोट दाखवलं. अण्णांनी क्षणभर माझ्या बोटाकडे पाहिलं, डोळे पुसले आणि तोही सुरू केला.