वरच्या अर्ध्या पानांचं पुस्तक

पुस्तकाची एवढी काळजी करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्या काळजीपायी सबंध वर्गाला बुडवायला निघालेलाही दुसरा झाला नसेल. तो माझा बाकावरचा जोडीदार. केजच्या कॉलेजात बी.ए.ची तिन्ही वर्षं आम्ही एकाच बाकावर काढली. गाव त्याचं गेवराईकडचं तलवाडा, राहायला केजला मामाकडे. म्हणून सगळे त्याला ‘तलवाड्या’ म्हणत. हजेरीत सर खरं नाव घेत तेव्हा तो दचकायचा.

तसा तो कशानंही दचकायचा. परीक्षेला तीन पेनं आणायचा आणि तिसरं माझ्याकडे द्यायचा. “तुझ्याजवळ असू दे. माझा खिसा फाटला तर?” पुस्तकाला आधी वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर प्लॅस्टिक, आणि उघडण्याआधी हात धुणं. मामाचं भांड्यांचं दुकान होतं आणि मामाची अट साधी होती: पहिल्या झटक्यात बी.ए. झालास तर बी.एड.ला घालतो, नाहीतर गल्ल्यावर बस. ह्याला मास्तर व्हायचं होतं. रस्त्यात शाळा लागली की हा चालायचा थांबायचा. माझीही गत वेगळी नव्हती. आमच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारा पहिला मीच, हे मी आजही छाती काढून सांगतो. पण त्या वेळी छातीत नुसती धडधड होती.

तिसऱ्या वर्षाला नव्या आर्थिक धोरणाचा पेपर लागला. खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. पोरं त्याला ‘खाउजा’ म्हणायची. खाउजा देशात येऊन बसला होता, पण त्याचं पुस्तक केजला येईना. शेवटी आमचे सर औरंगाबादला जाऊन एक सीडी घेऊन आले. तिच्यात पुस्तकाच्या पानांचे फोटो होते. सरांनी कॉम्प्युटरच्या खोलीत एकदा ती लावून दाखवली, “हा बाण दाबला की पुढचं पान,” एवढं सांगितलं आणि आम्ही चपला बाहेर काढून, माना उंचावून ते दर्शन घेतलं.

वर्गात तट पडले. आष्टीचा एक गडी कॉलर वर करून म्हणाला, “आता दप्तर बंद! खिशात शीडी घालायची अन् यायचं.” पुढच्या बाकावरच्या मुलींना महत्त्वाच्या ओळींखाली खुणा कुठं करायच्या याची चिंता होती. मी घरी ऐटीत सांगितलं की आम्ही आता कॉम्प्युटरवर शिकतो. वडील म्हणाले, “शिक की. पर कळतंय का त्यातलं?” आणि तलवाड्यानं भर वर्गात विचारलं, “सर, लाईट गेल्यावर पुस्तक कुठं जातं?”

वर्ग खदखदून हसला. “कावून हसता बे?” तो कळवळून म्हणाला. “लाईट तर रोजच जाती!”

त्या पुस्तकाचा आदर कसा करायचा हाही त्याला घोर. एकदा त्याचा पाय कॉम्प्युटरच्या वायरीला लागला, तर गडी वाकून वायरीच्या पाया पडायला निघाला. सरांनी मागून कॉलर धरून ओढला. शेवटी त्यानं ठरवलं, की या पुस्तकाचा भरवसा नाही, लाईट असेपर्यंत ते कागदावर उतरवून घ्यायचं. दिवाळीपासून तो रोज त्या खोलीत बसला. मांडीवर जाडजूड लाँगबुक, डोळे पडद्यावर. बाण दाबायचा, लिहायचा, बाण दाबायचा. अक्षर असं, की शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहावेत. संक्रांतीला पुस्तक पुरं झालं आणि साऱ्या वर्गानं त्याच्या झेरॉक्स काढल्या. आष्टीच्या गड्यानंसुद्धा. ज्या कॉम्प्युटरची आम्ही एवढी मिजास केली, त्याच्याकडे मग कुणी फिरकेना.

परीक्षेला अकरा दिवस राहिले असताना मी एक आलेख बघायला त्या खोलीत गेलो. पान उघडलं. वाकून बघताना हाताचं कोपर कीबोर्डवर टेकलं आणि पान वर सरकलं. खाली आणखी मजकूर होता. मी दुसरं पान काढलं. खाली मजकूर. तिसरं, चौथं, तेच. पडद्यावर मावत होतं ते अर्धंच पान, आणि तलवाड्यानं अडीच महिने अर्धीच पानं उतरवली होती. पानाचा आकडा वरच्या कोपऱ्यात, त्यामुळे एक, दोन, तीन असा हिशेब बरोबर लागलेला. सबंध वर्ग अर्ध्या पुस्तकावर परीक्षेला निघाला होता.

मी त्याला दुकानातून ओढत आणलं. त्यानं ते सरकणारं पान पाहिलं आणि खालीच बसला.

“अरे पण वाक्यं अर्धवट सुटत होती, ती दिसली नाहीत तुला?”

“दिसली की.”

“मग?”

“मला वाटलं, शीडीवर जागा कमी आसंल. म्हणून मी पुरी केली.”

“कशी?”

“मनानं,” तो म्हणाला. “लई विचार करून, पण.”

मी कपाळाला हात लावला. वर्गातल्या साऱ्यांनी महिनाभर घोकलेल्या खाउजाची अर्धी वाक्यं तलवाड्याची होती!

दुसऱ्या दिवशी तो आधी सरांकडे गेला, मग जीपला लटकून पोरांच्या गावोगाव. प्रत्येकापुढे उभा राहून एकच बोलायचा: “चूक माझी हाय. उद्या वही घेऊन या.” आष्टीच्या गड्यानं भर बाजारात त्याला शिव्या घातल्या. ह्यानं मान खाली घालून ऐकल्या आणि म्हणाला, “दहाला ये. लाईट दहा ते दोनच हाय.”

आठ दिवस ती खोली आमची होती. तलवाड्या पडद्याशी उभा राहून खालची अर्धी पानं मोठ्यानं वाचायचा, आम्ही जमिनीवर बसून उतरवायचो. नुसता वाचायचा नाही, अवघड आलं की थांबून समजावायचा. परकीय गुंतवणूक त्यानं मामाच्या दुकानावरून सांगितली, ती मला अजून पाठ आहे. त्या आठ दिवसांत तो एकदाही दचकला नाही. एका दुपारी मी म्हणालो, “तू कधी लिहिणार बे?” तर म्हणाला, “आधी तुमचं होऊ दे.”

निकालाच्या दिवशी फळ्यावर आमच्या सगळ्यांचे नंबर होते. त्याचा नव्हता. खाउजात गेला होता. माझे वडील पेढे घेऊन फाटकाशी उभे होते आणि त्याच्यापुढे पुडा धरायला माझा हात उठेना. त्यानंच पेढा उचलला. “पास तू झालास. मी कावून उपाशी राहू?”

“पण पेपरात लिहिलंस काय?”

“एका प्रश्नात ते वाक्य आलं बघ, मोठ्या कंपन्या आल्या की खेड्यातल्या तरुणांना... तिथून पुढं पुस्तकात हाय, घरबसल्या रोजगार मिळेल. मीच वाचून दाखवलं व्हतं तुमाला.”

“मग?”

“मी लिवलेलं आधीचं, गाव सोडावं लागेल. तेच पुन्हा लिवलं. सगळ्याच प्रश्नांत तसं झालं. माझंच बरोबर वाटायलं, काय करू?”

ऑक्टोबरला तो पास झाला, पण तोवर मामानं त्याला गल्ल्यावर बसवला होता. अट ती अट.

आता माझी नोकरी पुण्याला; दिवाळीला केजला गेलो की मी त्याच्या दुकानात टेकतो. तो स्टूल पुसून देतो, चहा सांगतो. मागच्या खेपेला माझ्या पोरीनं विचारलं, “काका, आम्ही पुण्याहून यायच्या आत तुम्ही दुकान बंद केलं असतं तर?” तो म्हणाला, “न्हाई गं, तुमची गाडी येईस्तवर मी उघडंच ठेवतो.” मग माझ्याकडे न बघता, फडक्यानं एक चकचकीत तांब्या पुन्हा पुसत, त्यानं हळूच विचारलं, “तू काय लिवलं व्हतंस रे, त्या प्रश्नात?”

“पुस्तकातलं,” मी म्हणालो.

“बरं केलंस,” तो म्हणाला, आणि पोरीच्या हातात तो तांब्या ठेवला.