मिरच्यांसाठी दिलेला शुक्रवार

…आणि तौनोनं त्या मिरच्यांपायी आमचा शुक्रवार देऊन टाकला, इथपर्यंत काल आपण आलो होतो. नेमकं तेव्हाच माइरेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जेवायला हाक मारली आणि गोष्ट तिथेच लोंबकळत राहिली. आज जे नव्यानं येऊन बसलेत त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊन सांगतो. मागचं ठाऊक नसेल तर पुढचं हसू येत नाही.

तौनो केम्पाइनेन म्हणजे आमच्या कयानी गावचा बर्फ ढकलणारा माणूस. उभा जन्म त्यानं नगरपालिकेचं बर्फ सारायचं यंत्र चालवलं. गाव जागं व्हायच्या आत रस्ते मोकळे. त्यामुळे त्याची नि माणसांची गाठ फारशी पडलीच नाही, आणि पडली तरी मध्ये काच. ‘हं’ या एका शब्दावर त्यानं सगळी नोकरी निभावली. लग्न राहिलं, कारण त्याला निदान दोन शब्द लागतात.

पेन्शनीत निघाल्यावर आम्हा म्हाताऱ्यांची बस हंगेरीला गेली होती. तिथल्या एका खाणावळीत तौनोनं सूपमधली लाल मिरची अख्खी चावली. आम्ही पाणी घेऊन धावलो. तो हात वर करून म्हणाला, “थांबा. जन्मात पहिल्यांदा माझे कान आतून तापलेत.” तौनोच्या तोंडून एवढं लांब वाक्य! मी माइरेला म्हटलं, हे प्रकरण साधं नाही. परत आला तो कोटाच्या खिशात एक वाळलेली मिरची घेऊनच.

आता मिरची पडली उबदार देशाची लेक, आणि आमचा उन्हाळा म्हणजे कोट न काढता दारातूनच परत जाणारा पाहुणा. फळ पिकून लाल व्हायला हवं तर बी जानेवारीत घरात रुजवावं लागतं. जानेवारीत आमच्याकडे सूर्य काय, हजेरी लावायला येतो आणि जेवणाच्या सुट्टीत पळ काढतो. बी उगवायला नुसती ऊब पुरते. ती तौनोच्या फ्रिजच्या डोक्यावर होती, तिथे ओल्या कागदात बी मस्त फुटलं. पण उगवलेल्या रोपाला उजेड लागतो. तौनोचं घर तळमजल्यावर, एका खोलीचं, उत्तरेला तोंड करून रुसून बसलेलं. खिडकीची फळी इतकी अरुंद की कप ठेवला तर त्याचा कान बाहेर लोंबायचा.

तरी गडी हटला नाही. दुधाची खोकी कापून त्यात रोपं लावली. उजेड परतून यावा म्हणून भिंतींना मासे भाजायचा चंदेरी कागद डकवला. घरात शिरलं की आपल्यालाच आता भट्टीत सरकवणार असं वाटायचं. घरातला एकुलता टेबलदिवा रोपांवर धरला आणि स्वतः अंधारात बसून रेडिओ ऐकू लागला. एवढं करून रोपं झाली कशी? लांबच लांब, पांढरट, मान टाकलेली. लष्कराच्या भरतीला पहिल्या दिवशी आलेली पोरं बघा.

मग त्यानं ठरवलं की हिल्काबाईंकडे जायचं.

हिल्काबाई वर, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या पोरांना वाटाण्याचं सूप वाढून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जीभ त्यांच्या पळीसारखी, समोर येईल त्याला वाढणारी. त्यांच्या स्वयंपाकघराला दक्षिणेची रुंद खिडकी, आणि त्या खिडकीत ऊन खात बसलेलं एकच चिनीमातीचं कुत्रं. पण जाऊन मागायचं कसं? आमच्या इमारतीत माणूस बाहेर पडण्याआधी दाराच्या भोकातून बघतो. जिन्यात शेजारी दिसला, तर तो जाईपर्यंत बूट घालून आतच उभा राहतो. याला आम्ही शेजारधर्म म्हणतो.

मागायचं तर द्यायला काही हवं. तौनोकडे देण्यासारखं एकच होतं. इमारतीच्या तळघरात सगळ्यांत मिळून एक सौना आहे. लाकडी बाकं, तापलेले दगड, दगडांवर पाणी आणि वाफच वाफ. प्रत्येकाचा वार नि तास ठरलेला. त्यात शुक्रवार संध्याकाळ म्हणजे राजाचं सिंहासन. ती वेळ एखादा मेल्याशिवाय मोकळी होत नाही. ती होती तौनोकडे, आणि त्याच्या शेजारी बाकावर मी. हिल्काबाईंना मिळालेली होती मंगळवारची दुपार, सगळ्यांत पहिली, जेव्हा दगड तापावं की न तापावं याचा अजून विचारच करत असतात.

तौनोनं त्यांची घंटा वाजवली. दार बोटभर उघडलं.

“काय हवंय?”

“खिडकी.”

“विकायची नाही.”

“शुक्रवार देतो.”

दार सताड उघडलं.

मला कळलं तेव्हा मी उसळलोच. “अरे, त्यात अर्धा शुक्रवार माझा होता! विचारायचंस तरी!”

“विचारलं असतं तर नको म्हणाला असतास.”

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आला कोमट मंगळवार. पावाच्या पिठाचे दोन गोळे फडक्याखाली फुगायला ठेवावेत तसे आम्ही दोघं बाकावर बसू लागलो. आता सगळी भिस्त मिरच्यांवर. त्या जगल्या तर शुक्रवार सत्कारणी लागला म्हणायचं. मेल्या, तर शुक्रवारही बुडाला नि मिरच्याही. आणि हिल्काबाईंनी एकदा हातात धरलेलं सोडल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं.

तौनो रोज सकाळी उजाडायच्या आत वर जायचा. दारात बूट काढायचा. हिल्काबाई कॉफी ओतायच्या, वेलदोड्याचा गोड पाव पुढे सरकवायच्या. कॉफीला नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडे भांडण काढणं, म्हणून तो प्यायचा. शब्द एक नाही. मग रोपांना पाणी घालून प्रत्येक खोक्याला अर्धा फेरा द्यायचा, ‘हं’ म्हणायचा आणि खाली यायचा.

अर्धा फेरा कशाला, तर रोप उजेडाकडे झुकतं. आमच्या खेड्यातल्या शाळेत मास्तरांनी एक बटाटा खोक्यात कोंडून खोक्याला कोपऱ्यात भोक पाडलं होतं. दोन आठवड्यांनी त्याचा कोंब वळसे घेत बरोबर भोकातून बाहेर आला. मास्तर म्हणाले, “बघा रे, बटाट्याला वाट सापडली. तुम्हाला भागाकार सापडत नाही.” तेव्हापासून मला बटाट्याचा थोडा राग आहे. पण धडा पक्का बसला. रोप रोज फिरवलं तर ते सरळ वाढतं.

आणि तौनोची रोपं? ती तर कमरेत वाकून काचेकडे निघालेली! उजेड भरपूर मिळून हिरवीगार झाली, बुंधे जाड झाले, पण अशी कलली की खोक्यातून उतरून चालू लागतील.

मंगळवारी सौनात तौनो म्हणाला, “वाकतायत.”

“फिरवतोस ना?”

“रोज.”

“मग?”

त्यानं बराच विचार केला. “सूर्य बिघडलाय.”

त्याच शुक्रवारी माइरे घरी आली ती बिटासारखी लाल होऊन. बाकावरची माझी जागा रिकामी म्हणून हिल्काबाईंनी तिलाच सौनात सोबतीला घेतलं होतं. माझी बायको, माझ्याच वेळेला, माझ्याच बाकावर!

“तुझी जागा छान आहे हो,” ती म्हणाली. “आणि तो तौनो काय माणूस आहे? हिल्का सांगत होती, येतो, कॉफी पितो, रोपांशी काय खुडबुड करतो नि जातो. फिरवायचं म्हणून त्याला सुचत नाही. ती बिचारी रोज रात्री बातम्या संपल्या की सगळ्या खोक्यांना अर्धा फेरा देते.”

मी तोंडाशी नेलेला बटाटा ताटात परत ठेवला. हा सकाळी अर्धा फेरा देतो. ती रात्री अर्धा फेरा देते. म्हणजे दिवसा उन्हाला रोज तोच गाल, आणि दुसऱ्या गालाला नुसती रात्र! दोघंही जाणकार, दोघंही कष्टाळू, फक्त एकमेकांशी बोलायची सोय नाही.

मी बूट चढवायला लागलो.

“बस खाली,” माइरे म्हणाली. “सौनातलं बोलणं सौनात राहतं. आईनं शिकवलं नाही तुला?”

“मग मला कशाला सांगितलंस?”

“नवऱ्याला कोणी माणसात धरत नाही.”

आता नियम म्हणजे नियम. मी मंगळवारपर्यंत दात आवळून थांबलो. सौनातली गोष्ट सौनातच सांगितली तर नियम कुठे मोडतो? बाकावर बसल्या बसल्या तौनोला सगळं ऐकवलं. तो ‘हं’ म्हणाला, दगडांवर पळीभर पाणी टाकलं, दगड जेमतेम कुरकुरले. दुसऱ्या सकाळपासून त्यानं खोक्यांना हात लावला नाही. हिल्काबाईंना काही बोलला म्हणाल, तर तेही नाही. सौनातलं ऐकलेलं त्यांच्या स्वयंपाकघरात कसं बोलणार?

रोपं दोन दिवसांत माना वर काढू लागली. मी खूश. इतका खूश की घरी माइरेला बोलून गेलो, तौनोही फिरवत होता बरं का; त्यानं आता सोडलंय, हे सांगायचं तेवढं राहिलं. माइरेनं ते शुक्रवारी, वाफेत बसून, हिल्काबाईंच्या कानावर घातलं. नियमानं, सौनातच. आणि हिल्काबाईंनी त्याच रात्रीपासून फिरवणं बंद केलं. माणूस करतोय ना मनापासून, करू दे त्याला.

पुढच्या मंगळवारी तौनो म्हणाला, “सूर्य परत बिघडला.”

मार्चमध्ये त्याची कंबर धरली म्हणून मातीची पिशवी घेऊन मीच त्याच्याबरोबर वर गेलो. स्वयंपाकघरात कॉफीचे तीन कप, गोड पाव, आणि रोपं काचेला नाक लावून रस्ता बघत उभी. सगळ्यांत मोठ्या रोपाचं पान रात्री काचेला चिकटलं होतं. बाहेरच्या थंडीनं ते काळं ठिक्कर पडलेलं. तौनोचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

हिल्काबाईंनीही तेव्हाच बघितलं. आणि ती पळी सुटली.

“केम्पाइनेन! डोळे आहेत ना? फिरवत का नाही?”

“तुम्ही फिरवता.”

“मी कधीच सोडलं. तुम्ही फिरवता म्हणून.”

“मी सोडलं. तुम्ही फिरवता म्हणून.”

“तुम्हाला कोणी सांगितलं मी फिरवते?”

“सौनात कळलं.”

हिल्काबाईंनी पावाची ताटली उगाच सरळ केली. मग जरा खालच्या आवाजात, “मलाही.” मी मातीच्या पिशवीवर छापलेलं सगळं वाचून काढलं, दोनदा. सौनातलं म्हटल्यावर पुढे विचारायची आमच्यात रीत नाही, त्यामुळे वाचलो.

त्या उठल्या. धाडधाड सगळी खोकी फिरवली, काळं पान खुडलं, आणि एका खोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“बारभाईचा कारभार माझ्या खिडकीत चालायचा नाही. एक तर खोकी उचला आणि तुमचा शुक्रवार परत घ्या. नाहीतर खोकी राहू देत, शुक्रवार माझा, मी एकटी फिरवीन. मग तुम्हाला रोज सकाळी एवढे जिने चढायचं कारण नाही. बोला.”

शुक्रवार परत! हिल्काबाईंच्या तोंडून! माझ्या डोळ्यांपुढे लाल दगड आले, दाट वाफ आली, माझं बाक आलं. आणि मिरच्यांचं काय, आता त्या धडधाकट झाल्या होत्या, उन्हंही लांबत होती, त्या उत्तरेच्या खिडकीतही तगल्या असत्या. मी टेबलाखालून तौनोचा पाय दाबला. शुक्रवार म्हण, गाढवा, शुक्रवार! आणखी जोरात दाबला.

तौनोनं रोपांकडे बघितलं. चिनीमातीच्या कुत्र्याकडे बघितलं. अर्ध्या खाल्लेल्या पावाकडे बघितलं. एवढ्या वेळात त्यानं पूर्वी आमचं अख्खं अंगण बर्फातून मोकळं केलं असतं. मग कप बशीत ठेवून तो जे बोलला ते जसंच्या तसं सांगतो, माझ्या पदरचा एक शब्द नाही:

“फिरवा तुम्ही. पण मग रोज सकाळी वर येऊन परत उलटं कोण फिरवणार?”