अदेल्मो गार्देल्लीच्या ताज्या चुका

कास्तेल रोन्कोच्या चौकातल्या बारमध्ये अदेल्मो गार्देल्ली पत्त्यांत हरायला लागला की त्याची गाडी लॅटिनवर घसरायची. हातातली पानं टेबलावर आपटून तो म्हणायचा, "दोन वर्षं लॅटिन घोकलं. काय उपयोग झाला, सांगा! त्या मोन्तेवेक्की मास्तरनं माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं." वाटोळं झालेला हा गृहस्थ सत्तरीतही ठणठणीत होता, टायरचं दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळा झाला होता आणि रविवारी दोन माणसांचं जेवण एकटा फस्त करत होता. पण आपल्या दुःखाला जबाबदार असा एखादा माणूस लागतोच, आणि अदेल्मोला तो चौदाव्या वर्षीच सापडला होता.

त्याची ही रडकथा गावाला तोंडपाठ होती. बापाचं टायरचं दुकान, पण आईच्या मनात पोराला डॉक्टर करायचं. डॉक्टर व्हायचं तर त्या काळी लॅटिनच्या शाळेत जावं लागे. नाव घातलं त्याच दिवशी आईनं गल्लीभर सांगून टाकलं, आणि बेकरीवालीनं तर आठवडा संपायच्या आत अदेल्मोपुढे जीभ बाहेर काढून औषध विचारलं. पुढे त्याला लॅटिनमध्ये दहापैकी तीन पडू लागले. कधी साडेतीन, अर्धा गुण अक्षर बरं म्हणून. पास व्हायला सहा लागत. पहिल्या वर्षी नापास, पुन्हा बसला तर पुन्हा नापास, मग शाळेनं दार दाखवलं. अदेल्मो बापाच्या दुकानात पंक्चर काढायला बसला. तेव्हापासून गाव त्याला 'डॉक्टर' म्हणतं. आजही कुणी चपटं चाक ढकलत आला की लांबूनच ओरडतो, "डॉक्टर, पेशंट आणलाय!"

मोन्तेवेक्की मास्तर मारकुटे नव्हते, दुष्ट तर मुळीच नव्हते. त्यांना चूक ऐकवत नसे, एवढंच. चुकीचा शब्द कानावर पडला की आपल्याला शिंक यावी तशी त्यांच्या तोंडून दुरुस्ती बाहेर पडे. सख्ख्या आईच्या अंत्यविधीला पाद्रीबाबा प्रार्थनेतल्या एका शब्दावर घसरले, तेव्हा शवपेटीशेजारी उभ्या उभ्या मास्तरांनी त्यांना दुरुस्त केलं होतं. मात्र तीच चूक कुणी दुसऱ्यांदा केली तर ते तोंडही उघडत नसत. मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसत. अदेल्मोच्या आठवणीतले मास्तर बहुतेक वेळ खिडकीबाहेरच बघत असायचे.

गावाच्या टोकाला वृद्धाश्रम आहे. तिथल्या चाकांच्या खुर्च्यांत हवा भरायला अदेल्मो अधूनमधून जायचा. मुलाला वेळ नसतो असं तो सांगे. खरं म्हणजे घरी बायको, योले, त्याला भांडी पुसायला लावी. त्या हिवाळ्यात असाच पंप घेऊन गेला, तर जेवणाच्या खोलीत नोर्मा, तिथली सेविका, एका म्हाताऱ्यापुढे चमचा धरून उभी होती.

"उघडा हो तोंड, माझ्या राजा. कोंबडीचं सूप आहे, आत बारीक शेवया घातल्यात. बघा तरी!"

म्हाताऱ्याचे ओठ मिटलेले.

"खात नाहीत?" अदेल्मोनं विचारलं.

"बहीण वारली तेव्हापासून हे असं. इतके दिवस दोन घोट तरी घेत होते, आता तेही नाही. डॉक्टर म्हणाले, खायला लागले नाहीत तर शहरातल्या दवाखान्यात नेऊन नळी घालायची. काका, या वयात तिकडे गेलेलं माणूस परत येत नाही. मी इतक्या वर्षांत बघितलंय."

अदेल्मोनं वाकून पाहिलं आणि त्याच्या हातातला पंप खाली आला. "अगं, हे तर मोन्तेवेक्की मास्तर! यांनीच तर माझं..." पण वाटोळं हा शब्द काही घशाबाहेर येईना. ज्याच्या पावलांच्या आवाजानं सारा वर्ग ताठ उभा राहायचा, तो माणूस एका घोंगडीत मावला होता. अदेल्मोला वाईट वाटलं आणि संतापही आला. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या, त्यानं असं मुकाट्यानं उठून जायचं म्हणजे काय?

"सर, मी गार्देल्ली. ओळखलंत?"

मास्तरांची पापणीही हलली नाही.

"बघा हं सर, अजून पाठ आहे माझं!" असं म्हणून अदेल्मो शाळेतल्यासारखा ताठ उभा राहिला आणि पुस्तकाचं पहिलं पान धडाधड म्हणू लागला.

"चूक!" मास्तर म्हणाले.

आवाज गंजलेला होता, पण तोच होता. आणि त्या एका शब्दासाठी तोंड उघडलं तेवढ्यात नोर्मानं, जिनं तीन पोरं वाढवली होती, चमचा आत सारला. मास्तरांनी घोट गिळला, कारण त्यांना पुढं बोलायचं होतं. "शेवटचा शब्द चुकला! पुन्हा म्हण!" दुसरा चमचा आत गेला.

"काका, थांबू नका," नोर्मा कुजबुजली. "अजून चुका."

"त्याला मला काही कष्ट पडत नाहीत, बाई."

त्या दुपारी अर्धी वाटी संपली. अदेल्मो पंप तिथंच विसरून घरी गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो जेवणाच्या वेळेला हजर होऊ लागला. पण थोड्याच दिवसांत पंचाईत झाली. जुना साठा संपला. तीच चूक पुन्हा आली की मास्तर मान फिरवून खिडकीबाहेर बघत, आणि नोर्माचा चमचा हवेत लटकत राही. तेव्हा अदेल्मोनं मदतीला फुल्वियो सावोरेल्लीला बोलावलं. हा त्याच्या वर्गातला, पहिल्या बाकावरचा. पुढे गावचा नोटरी झाला. कुणाचं घर विकायचं असो की कुणाचं मृत्युपत्र, फुल्वियोनं 'हे खरं आहे' म्हणून सही केल्याशिवाय कास्तेल रोन्कोत काही खरं धरलं जात नाही.

फुल्वियो टाय लावून आला. हात पाठीमागे बांधून त्यानं असं अस्खलित लॅटिन म्हटलं की स्वयंपाकघरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. मास्तरांच्या चेहऱ्यावर शांती पसरली, आणि ते झोपी गेले. सूप गार झालं.

"वा!" नोर्मा म्हणाली. "अंगाई म्हणायला नव्हतं बोलावलं तुम्हाला."

"मला यांनी नऊ दिले होते," फुल्वियो दुखावून म्हणाला.

"मग नऊ चमचे तरी भरवून दाखवा!"

"अरे, एखादी चूक कर ना लेका," अदेल्मो म्हणाला. फुल्वियोनं मनापासून प्रयत्न केला. त्याचे कान लाल झाले, कपाळाला घाम आला, तोंड उघडलं आणि त्यातून अगदी बरोबर तेच बाहेर पडलं. "जमत नाही रे," तो रडवेला होऊन म्हणाला. अदेल्मोनं त्याच्या पाठीवर थोपटलं. इतका निर्मळ आनंद त्याला फार वर्षांनी झाला होता. पहिल्या बाकावरच्या फुल्वियोला न येणारी एक गोष्ट त्याला येत होती!

मग त्यानं माळ्यावरून जुनं व्याकरणाचं पुस्तक खाली काढलं. ताजी चूक करायची तर आधी बरोबर काय ते माहीत हवं, नाहीतर माणूस चुकून बरोबर बोलून बसतो, हे त्याला दोनदा भोवलं होतं. रोज संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून बसे.

"हेच शाळेत असताना केलं असतंस, तर आज मी डॉक्टरची बायको असते," योले म्हणाली.

"तेव्हा मास्तर जेवत होते गं," अदेल्मो म्हणाला.

बारमध्येही पत्ते बाजूला पडले. जो तो चुका सुचवू लागला, आणि कुठल्या चुकीला किती चमचे जातात याचे अंदाज बांधू लागला. अर्थाची चूक शब्दाच्या चुकीपेक्षा भारी, हे लवकरच सिद्ध झालं. सैन्यानं नदी ओलांडली याऐवजी नदीनं सैन्य ओलांडलं असं म्हटलं की चार चमचे सहज. सगळ्यात मोठा विजय मिळाला तो सीझरनं रुबिकोन नदी होडीतून पार केली असं अदेल्मोनं सांगितलं त्या दिवशी. "होडीतून?" मास्तर ओरडले. "गाढवा, तुझ्या दारावरून वाहणारा ओहोळ तो! कोंबडी चालत पलीकडं जाते!" अख्खी वाटी संपली, वर पियादिना रोटीचा तुकडा आणि उकडलेली नासपतीही गेली.

वसंत आला तोवर मास्तरांच्या गालांवर थोडं मांस दिसू लागलं. नळीचं नाव डॉक्टरही काढेनासे झाले.

मे महिन्यातल्या एका दुपारी अदेल्मो एक उतारा तयार करून गेला होता. एक म्हातारा सैनिक पुष्कळ वर्षांनी आपल्या गावी परत येतो, असा काहीतरी साधाच उतारा. तिसऱ्या ओळीत चुकायचं हे त्यानं पक्कं ठरवलं होतं. तो एकेक वाक्य म्हणत, त्याचा अर्थ सांगत निघाला. तिसऱ्या ओळीत तो सैनिक आपल्या फाटकापाशी आला, आणि काय झालं कोण जाणे, अदेल्मोला ते फाटक दिसलं. आतलं कुत्रं दिसलं. म्हाताऱ्याचा कडीवरचा हातही दिसला. आजवर जे नुसते खडे चावल्यासारखे शब्द होते, ते कुणीतरी त्याच्याशी बोलत असल्यासारखे त्याला ऐकू आले. तो शेवटपर्यंत पोचला तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की चुकायचं राहूनच गेलं.

मास्तर त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"गार्देल्ली," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांनी त्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. "सहा. बस खाली."

अदेल्मो खाली बसला. आई हवी होती, असं सत्तरीच्या त्या माणसाला वाटलं. संध्याकाळी त्यानं बारमध्ये सगळ्यांना वाइन पाजली आणि ते तीन शब्द इतक्यांदा सांगितले की शेवटी बारवालाही ते मास्तरांच्या आवाजात म्हणू लागला.

दुसऱ्या दिवशी नोर्मा दारातच उभी होती. "काका, काल रात्रीपासून काही नाही. सकाळचं दूधसुद्धा नाही."

अदेल्मोनं ठेवणीतल्या चुका बाहेर काढल्या. सीझरला होडीत बसवलं, मग बसमध्ये बसवलं. मास्तर किंचित हसले. "पास झालेल्या मुलाला मी दुरुस्त करत नाही," ते म्हणाले. "तुझं झालं. जा घरी." शेवटची वही तपासून झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा निवांत होता, आणि ओठ पुन्हा मिटले. त्या दिवशी काही गेलं नाही, त्यानंतरच्याही दिवशी नाही. शहरात न्यायची गाडी उद्या येणार, असं डॉक्टर सांगून गेले.

अदेल्मो तडक फुल्वियोच्या कचेरीत शिरला. "मी पास झालो आणि तिकडे मास्तर चाललेत. ते सहा त्यांना परत घ्यायला लाव कसंही करून."

फुल्वियोनं बराच विचार केला. "दिलेले गुण त्यांनी फक्त एकाच गोष्टीसाठी परत घेतले असते," तो म्हणाला. "नक्कल."

"मी नक्कल नाही केली!" अदेल्मो ओरडला. "ते सहा माझे आहेत! जन्मात एकदाच मिळालेत मला!"

अदेल्मो आपल्या टायर चढवून राकट झालेल्या हातांकडे बघत बसला. मग म्हणाला, "माझ्या एकट्याच्या सांगण्यावर ते विश्वास ठेवायचे नाहीत. तुला यावं लागेल. तुझ्या वहीतून केली म्हणून सांगायला."

"मी? खोटी साक्ष?" फुल्वियोचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, मी नोटरी आहे!"

"म्हणूनच तर चल."

जेवणाच्या खोलीत ते दोघं खाली मान घालून मास्तरांपुढे उभे राहिले. नोर्मा वाटी घेऊन मागे थांबली.

"सर," अदेल्मो म्हणाला, "ते सहा माझे नाहीत. मी नक्कल केली. याच्या वहीतून."

मास्तरांनी एक डोळा उघडला. "सावोरेल्ली?"

ज्याच्या शब्दावर गावातलं घरन्‌घर उभं होतं, तो फुल्वियो म्हणाला, "हो, सर. मीच दाखवली वही."

मग मास्तरांचा दुसरा डोळा उघडला, मानेची शीर तट्ट फुगली आणि घोंगडीतून एक बोट बाहेर आलं. "नक्कल? माझ्या वर्गात? दोघांनाही शून्य!" शून्य ऐकताच फुल्वियो मागच्या रिकाम्या चाकाच्या खुर्चीत मटकन बसला. "गार्देल्ली! मला वाटलं होतं तुला समजलं! सगळं पहिल्यापासून! पहिल्या पानापासून!"

"काका, तुम्ही जवळ आहात," म्हणत नोर्मानं वाटी आणि चमचा अदेल्मोच्याच हातात कोंबले. त्यानं चमचा भरून त्या रागावलेल्या, उघड्या तोंडात घातला. मास्तरांनी गिळला. "म्हण!" ते ओरडले.

अदेल्मो म्हणू लागला. जन्मात एकदाच मिळालेले सहा गेले होते, ते खरोखर त्याचे होते हे आता मास्तरांना कधीच कळणार नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसणार कशानं? एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. तिसऱ्या ओळीत तो चुकला, आणि या वेळी ती चूक त्यानं मुद्दाम केली नव्हती.