मिडीतली मामीची चाल

काष्टी गावाच्या आसपास कुणी नुसतं गुणगुणलं आणि आमच्या मामांच्या हातून तो सूर सुटला, असं कधी झालं नाही. लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या या माणसाला कुणीतरी कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर दाखवलं आणि मामा संसारातून उठले. माइकमध्ये गायलं की पडद्यावर पट्ट्या उमटतात: कुठला सूर, किती वेळ. त्याला मिडी म्हणायचं. त्यात आवाज नसतो, नुसती नोंद. मग ती सनईत वाजवा नाहीतर बासरीत. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी माइक मिळायचा. एका नवरदेवाच्या वडिलांना गाताना ठसका लागला, तर सॉफ्टवेअरनं त्याचेही तीन सूर काढले, आणि मामांनी ते वरातीत वाजवले. "सूरच हाईत ते," म्हणाले.

खरा जुलूम झाला तो मामीवर. धार काढताना ती एक बिनशब्दांची चाल गुणगुणायची आणि त्याशिवाय म्हैस पान्हावत नसे. मामांनी माइक गोठ्यात नेला. मामीचा सूर घसरत घसरत दुसऱ्यावर जाई आणि पडद्यावर त्याच्या वेड्यावाकड्या पायऱ्या होत.

"जरा सरळ गा की."

"म्हशीला चालतंय, तुमालाच काय हुतंय?"

शेवटी मामांनी त्या पायऱ्या पुसल्या, लय आखून बसवली आणि जागा अडते म्हणून मूळ रेकॉर्डिंग काढून टाकलं. चाल मिळाली, आता आवाज कशाला ठेवायचा? आवाज तर दिवसभर घरात होताच.

मामीला जाऊन आता वर्ष होईल. ती गेल्यावर मामांनी गोठ्यात स्पीकर लावून ती चाल वाजवली. म्हशीनं एकदा मान वळवली आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. बासरीत लावून पाहिली, सनईत लावून पाहिली, पण दूध उतरेना. मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

हल्ली मामा आपणच सरळ केलेली चाल पुन्हा बिघडवत बसतात. परवा गेलो तर मला शेजारी बसवून घेतलं. "हितं ती थांबायची. पर किती, ते ध्यानात येत न्हाई. सुट्टीत यायचास की तू, लई येळा ऐकलंय तू. सांग."

मी कधीच नीट ऐकलं नव्हतं. "अजून थोडं," मी म्हणालो.

त्यांनी माऊसनं एक पट्टी पुढे सरकवली, वाजवून पाहिली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"आता बरोबर," मी म्हणालो.

"व्हय, एवढीच थांबायची ती," मामा म्हणाले आणि त्यांनी फाईल सेव्ह केली.